थरथर आणि घसरण

आकाशाचे फोटो काढणारा माणूस रात्रभर आकाश बघत असतो, अशी लोकांची समजूत आहे. ती दूर करण्याच्या भानगडीत मी पडत नाही, कारण घरातून रात्रभर बाहेर राहायची परवानगी त्या समजुतीवरच मिळते. खरं म्हणजे तो रात्रभर लॅपटॉपवरच्या एका आलेखाकडे बघत असतो. आलेखात दोन रेघा, एक निळी आणि एक तांबडी, शून्याच्या खाली-वर हेलकावत असतात. वर मृग, व्याध, रोहिणी असा सगळा लवाजमा हजर असतो. देवयानी दीर्घिकेतून पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश नेमका आज रात्री येऊन पोचलेला असतो. आणि हा गृहस्थ शाल डोक्यावरून घेऊन पुटपुटत असतो, ''निळी जरा वर चाललीय.''

याला कारण पृथ्वीचं फिरणं. पृथ्वी फिरते हे चौथीतल्या मुलालाही ठाऊक असतं, पण दुर्बिणीला कॅमेरा लावेपर्यंत ते अंगावर येत नाही. २३ तास ५६ मिनिटांत एक फेरी, म्हणजे आकाश सेकंदाला १५ आर्कसेकंद सरकतं. दुर्बीण जागची हलली नाही तर पाच मिनिटांच्या एक्स्पोजरमध्ये तारा सव्वा अंश पुढे जातो. पौर्णिमेचे जवळजवळ अडीच चंद्र एकाला एक लावून ठेवावेत, एवढं हे अंतर. म्हणून दुर्बीण विषुववृत्तीय माउंटवर बसवतात. माउंटचा एक अक्ष खगोलीय ध्रुवाकडे रोखायचा आणि मोटर लावून तो पृथ्वीच्या उलट दिशेला, पृथ्वीच्याच वेगानं फिरवत ठेवायचा. पृथ्वी पूर्वेकडे, दुर्बीण पश्चिमेकडे, तारा जागच्या जागी. कागदावर प्रश्न मिटला.

माझी दुर्बीण लहान आहे, ४०० मिलिमीटर फोकल लांबीची. तिच्यामागच्या कॅमेऱ्याच्या एका पिक्सेलमध्ये आकाशाचे सुमारे दोन आर्कसेकंद मावतात. रुपयाचं नवं नाणं दोन किलोमीटरवर उभं धरलं तर ते साधारण तेवढं दिसेल. म्हणजे एवढं ओझं खांद्यावर घेऊन फिरणाऱ्या माउंटनं पाच मिनिटं त्या नाण्यावरून नजर ढळू द्यायची नाही. आणि त्याच्या पोटात असतं एक वर्म गिअर. ते कितीही नीट कापलं तरी आटे कुठे केसभर जाड, कुठे केसभर बारीक राहतातच. वर्मची एक फेरी आठ-दहा मिनिटांत होते आणि तेवढ्यात माउंट एकदा थोडा पुढे पळतो, एकदा थोडा मागे रेंगाळतो. खिशाला परवडणाऱ्या माउंटमध्ये हे पळणं-रेंगाळणं दहा-वीस आर्कसेकंदांचं सहज भरतं.

त्यात ध्रुवाची भर. पुण्याच्या अक्षांशावर ध्रुव क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंश वर असतो, त्यामुळे सह्याद्रीच्या अंगाला कुठेही जा, उत्तरेला त्याच्या आड एखादा डोंगर नाहीतर आंब्याचं झाड उभंच. शिवाय पुराणात अढळपद मिळालेला हा तारा खऱ्या खगोलीय ध्रुवापासून सुमारे दोन-तृतीयांश अंश दूर आहे आणि रोज त्याच्याभोवती मुकाट्यानं एक प्रदक्षिणा घालतो. म्हणजे माउंटचा नेम ध्रुवाशेजारच्या रिकाम्या जागेवर धरायचा. तो जरासा हुकला की तारे रात्रभर हळूहळू उत्तरेला किंवा दक्षिणेला घसरत राहतात.

ऑटोगायडरचं काम इथे सुरू होतं. मुख्य दुर्बिणीच्या पाठीवर एक छोटी दुर्बीण आणि तिला एक छोटा कॅमेरा. हा कॅमेरा दर दोन सेकंदांनी फोटो काढतो. सॉफ्टवेअर त्यातला एक तारा धरतं, तो किती सरकला ते मोजतं आणि माउंटला सांगतं, इतका पूर्वेला हो, इतका उत्तरेला हो. एवढ्याशा दुर्बिणीतून इतकं बारीक कसं कळतं? तर तारा कधी एका पिक्सेलवर मावत नाही, आजूबाजूच्या चार-सहा पिक्सेलांवर सांडतो. कुठल्या पिक्सेलवर किती उजेड सांडला याची सरासरी काढली की ताऱ्याचा मध्य पिक्सेलच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत सांगता येतो. आणि एका आर्कसेकंदाची दुरुस्ती करायला मोटरला सव्वाशे-दीडशे मिलिसेकंदांचा धक्का पुरतो. पापणी लवेपर्यंत काम झालेलं असतं.

पूर्वी हे सगळं माणसं करत. १८८८ च्या डिसेंबरात आयझॅक रॉबर्ट्स यांनी इंग्लंडमध्ये ग्रब यांनी बनवलेल्या २० इंची दुर्बिणीतून देवयानीचा फोटो घेतला आणि तिचे सर्पिल वळसे लोकांना दिसले. ग्रब यांचीच २० इंची दुर्बीण त्याच सुमारास पुण्यात, सायन्स कॉलेजच्या आवारातल्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेत कावसजी दादाभाई नेगमवाला यांच्या हाताखाली आली. त्या वेळी भारतात तिच्याएवढी दुसरी नव्हती. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुणेकरांनी मोठी दुर्बीण अशी एकदा हातची घालवलेली आहे. त्या काळात दुर्बिणी फिरत त्या खाली उतरणाऱ्या वजनावर चालणाऱ्या घड्याळी यंत्रानं. यंत्राची चूक सुधारायला होता फक्त माणसाचा डोळा. शेजारच्या नेत्रिकेत आडव्या-उभ्या तारा ताणलेल्या असत. त्यांच्या फुलीवर एक तारा धरायचा आणि तो निसटू लागला की दुर्बीण हातानं हलकेच परत आणायची. असं तासन्‌तास. घुमटात शेकोटी पेटवायची सोय नाही, कारण गरम हवेनं ताऱ्याची प्रतिमा नाचते.

या कामात मिल्टन ह्यूमसन यांचा हात धरणारे फार थोडे. चौदाव्या वर्षी शाळा सोडलेले ह्यूमसन कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवर वेधशाळेचं सामान चढवणारी खेचरं हाकत. १९१७ मध्ये ते त्याच वेधशाळेत झाडलोटीच्या कामाला लागले, मग रात्रीचे मदतनीस झाले, आणि पुढे शंभर इंची दुर्बिणीवर एडविन हबल यांच्या बरोबरीनं दूरदूरच्या दीर्घिकांचे वर्णपट घेऊ लागले. त्यातल्या काही प्लेटी एका रात्रीत पुऱ्या होत नसत. दुसऱ्या रात्री पुन्हा तीच दीर्घिका, वर्णपट घेणाऱ्या यंत्राच्या त्याच फटीवर. विश्व प्रसरण पावतं आहे हे ज्या वर्णपटांवरून ठरलं, त्यांतले कितीतरी या माजी खेचरवाल्यानं थंडीत उभं राहून मिळवले. मला यात नवल वाटत नाही. अरुंद डोंगरवाटेवर खेचराचा लगाम पावलोपावली ओढणारा माणूस खेचरासकट दरीत जातो. लगाम हातात हवाच, पण जनावर नुसतं पाय सावरतंय की खरोखर कडेला चाललंय, हे बघून मगच तो ओढायचा. ऑटोगायडर शिकायचा म्हणजे एवढंच शिकायचं असतं. फक्त त्याला सॉफ्टवेअरमध्ये चार टॅब आहेत.

मला जो गुरू मिळाला तो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि मला काका म्हणतो. भोरच्या पुढे ओळखीच्या एका शेतावर, गव्हाच्या कडेला, आम्ही बस्तान मांडलं होतं. थंडी मी म्हणत होती. तारा पडद्यावर आलेला बघून मी म्हटलं, ''दिसला. कर सुरू.''

''काका, आधी कॅलिब्रेशन.''

''का? तारा समोर आहे की.''

''तारा आहे. पण कुठली मोटर हलवली की तो पडद्यावर कुठे जातो, हे सॉफ्टवेअरला कुठे माहितीये?''

कॅमेरा नळीत कुठल्याही कोनात बसलेला असतो, त्यामुळे आकाशातली पूर्व पडद्यावर तिरकी असते. म्हणून सॉफ्टवेअर आधी माउंटला पश्चिमेकडे एकेक टिचकी मारतं आणि प्रत्येक टिचकीला तारा कुठे गेला ते टिपून ठेवतं. मग तेवढंच पूर्वेला परत. मग उत्तर, मग दक्षिण. पडद्यावर ठिपक्यांचा एक काटकोन उमटतो. हा कार्यक्रम खगोलीय विषुववृत्ताजवळ करतात, कारण तिथे तारे सगळ्यात जास्त वेगानं सरकतात आणि मोजमाप स्वच्छ येतं. मृगाच्या त्रिकांडातला पश्चिमेकडचा तारा जवळजवळ विषुववृत्तालाच टेकलेला आहे. आम्ही दुर्बीण त्याच्या शेजारी नेली होती. मला ही पायरी फार सुसंस्कृत वाटली. समोरच्याला वळण लावण्याआधी, आपण ढकललं की तो नेमका कुठल्या दिशेला जातो, हे चाचपून बघायचं. लग्नात, पालकत्वात किंवा राज्यकारभारात ही पायरी कुणी घेतलेली माझ्या पाहण्यात नाही.

पश्चिमेचे ठिपके गेले तसे शिस्तीत परत आले. उत्तरेचे मात्र दक्षिणेला वळायची वेळ आली तसे अडून बसले. हुकूम सुटत होते, तारा ढिम्म.

''बिघडलं का रे?''

''नाही हो. बॅकलॅश आहे. क्रांतीच्या अक्षाला असतोच.''

विषुवांशाचा, म्हणजे पूर्व-पश्चिमेचा, अक्ष रात्रभर चालतच असतो. त्याला पूर्वेला जा म्हटलं तरी तो उलटा फिरत नाही, नुसती चाल मंद करतो. ताऱ्याच्या हिशेबी तेवढं पुरतं. क्रांतीचा, म्हणजे उत्तर-दक्षिणेचा, अक्ष मात्र एरवी बसून असतो. त्याला उलट फिरायला सांगितलं की दातांमधली फट भरेपर्यंत काहीच घडत नाही. तोवर आपण अधीर होऊन आणखी दोन हुकूम सोडलेले असतात, आणि मग ते सगळे एकदम अमलात येतात. सरकारी कामाचा अनुभव असलेल्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. यावर मुरलेल्या मंडळींचा तोडगा असा, की ध्रुवाचा नेम मुद्दाम अगदी थोडा चुकवून ठेवायचा. मग तारा रात्रभर एकाच बाजूला घसरतो, दुरुस्तीही एकाच बाजूला लागते, आणि उलट फिरायचा प्रसंगच येत नाही.

गायडिंग सुरू झालं. निळी रेघ वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. मी सुचवलं, ''दोन सेकंदांऐवजी एकच सेकंद कर ना. चूक लवकर कळेल, लवकर सुधारेल.''

''करून बघा.''

त्यानं कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. एक सेकंद केला. रेघा आधी हेलकावत होत्या, त्या आता दातओठ खाऊ लागल्या. दुरुस्त्यांचे उभे खांब आलेखात दाटीवाटीनं उभे राहिले. यंत्र जीव तोडून काम करत होतं आणि तारा अधिकाधिक बिथरत होता.

''काका, एका सेकंदात सरकला तो तारा नव्हता. हवा होती.''

दिवसभर तापलेली जमीन रात्री निवते, हवेचे उबदार-गार थर एकमेकांत मिसळतात आणि त्यांतून येताना ताऱ्याची प्रतिमा क्षणाक्षणाला इकडेतिकडे हलते. याला सीइंग म्हणतात. सॉफ्टवेअर तारा जिथे दिसला तिथून हिशेब करून दुरुस्ती पाठवतं. ती पोचेपर्यंत हवा दुसरीकडे गेलेली असते, आणि आता ती दुरुस्तीच नवी चूक होऊन बसते. तिची दुरुस्ती करायला पुढची दुरुस्ती. दोन-तीन सेकंदांचं एक्स्पोजर दिलं तर ही थरथर आपली आपण सरासरीत विरून जाते आणि उरते ती खरी घसरण: वर्मच्या आट्याची, ध्रुवाच्या हुकलेल्या नेमाची. घसरण आपोआप परत येत नाही, ती सुधारावीच लागते. थरथर आपोआप परत येते, तिला हात लावायचा नाही. दोन्ही पडद्यावर सारख्याच दिसतात, ही खरी अडचण.

आम्ही वापरतो ते पीएचडी २ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पण त्यात संयमाच्या इतक्या सोयी आहेत की लिहिणाऱ्यांनी मनुष्यस्वभाव जवळून पाहिलेला असावा. मिनिमम मूव्ह नावाचा एक आकडा आहे: याहून लहान चूक दिसली तर दिसली नाही असं समजायचं. ॲग्रेशन नावाचा दुसरा: विषुवांशाला तो मुळात ७० टक्क्यांवर ठेवलेला असतो, म्हणजे चूक कितीही स्पष्ट असली तरी एका फटक्यात सगळी सुधारायला जायचं नाही. क्रांतीसाठी तर रेझिस्ट स्विच नावाची पद्धतच आहे. तारा दुसऱ्या बाजूला गेलेला दिसला तरी ती लगेच दिशा बदलत नाही. मागची काही मोजमापं काढून बघते आणि तारा खरोखरच तिकडे निघालाय अशी खात्री पटल्यावरच वळते. शिवाय गायडिंग असिस्टंट नावाचं एक साधन आहे. ते चालू केलं की पहिली गोष्ट ही करतं, की गायडिंग बंद करतं. काही मिनिटं ताऱ्याला कुणीही काहीही म्हणायचं नाही, नुसतं बघायचं. हवा किती नाचते, तारा किती घसरतो, याचा अंदाज आला की मगच ते सल्ला देतं. वडीलधाऱ्यांसाठी अशी काही सोय निघाली तर मी ती घरोघरी वाटायला तयार आहे.

आलेखाचं वेड मात्र वाईट. आमच्या मंडळींत भेट झाली की प्रकृतीची चौकशी होत नाही, आरएमएस किती ते विचारतात. ताऱ्याचं सरासरी चुकणं आर्कसेकंदात सांगणारा हा आकडा. ०.८ म्हटलं की मान हलते, ०.५ म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो. पण रेघ जर अगदी सपाट, आखल्यासारखी असेल तर गुरू आनंदित होत नाही, उठून बसतो. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर काही पिक्सेल बिघडलेले असतात, ते अंधारातही चमकतात. असला पिक्सेल कधी तारा म्हणून निवडला गेला तर आलेख स्वप्नवत येतो, कारण पिक्सेल कुठे जाणार? तिकडे मोठ्या कॅमेऱ्यात सगळे तारे शेवयांसारखे लांबत असतात. म्हणून कॅमेऱ्याला टोपी घालून अंधाराचे फोटो आधी काढून ठेवायचे आणि असले तोतये वजा करायचे. ज्याला सुधारणा लागतच नाही तो तारा नव्हे, हे एकदा मनात पक्कं केलं की बरेच घोटाळे टळतात.

मध्यरात्र उलटल्यावर शेताचे मालक आले. शेतीपंपाची लाईट त्या आठवड्यात रात्रीची होती, त्यामुळे गव्हाला पाणी द्यायला ते खांद्यावर खोरं टाकून निघाले होते. आधी बॅटरीचा झोत आला आणि मागून प्रश्न.

''सर, दिसतंय का काही?''

''मामा, बॅटरी खाली!'' गुरू ओरडला. त्यांनी बॅटरी विझवली आणि लॅपटॉपपाशी उकिडवे बसले. हिरव्या चौकटीत एक पांढरा ठिपका होता.

''ह्यो एकच?''

''एकच. याला धरलं की बाकीचे आपोआप धरले जातात.''

त्यांनी ठिपक्याकडे बघितलं, मग माउंटकडे, मग माझ्याकडे. ''म्हंजी मशीन रातभर चांदणीवर नजर ठेवणार, अन् तुमी मशीनवर.''

''हो.''

''मोटर कशावर चालती ही?''

''बॅटरीवर. पहाटेपर्यंत पुरते.''

''लाईट गेली तरी?''

''तरी.''

ते उठले, खोरं खांद्यावर घेतलं. ''गव्हाला लावता येती का बघा जरा,'' म्हणाले आणि बांधावरून अंधारात गेले. खगोलशास्त्राच्या उपयुक्ततेबद्दल इतका थेट प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता.

शेवटचा धडा तेवढा राहिला होता. तारा आता चौकटीत खिळल्यासारखा बसला होता, आणि गुरू म्हणाला, ''काका, डिदरिंग चालू करा. दर एक्स्पोजरनंतर माउंट थोडा मुद्दाम हलवायचा.''

इतक्या आटापिट्यानं बसवलेला तारा मुद्दाम हलवायचा! पण कारण बिनतोड आहे. रात्रभराचे फोटो शेवटी एकावर एक रचून एक चित्र करायचं असतं. सगळे फोटो तंतोतंत एकाच जागी घेतले तर सेन्सरचे डाग, चमकणारे पिक्सेल, बारीक पट्टे हेही प्रत्येक फोटोत त्याच जागी येतात आणि ताऱ्यांइतकेच ठाम होतात. दर वेळी चार-दोन पिक्सेल इकडेतिकडे सरकून फोटो घेतला आणि रचताना तारे ताऱ्यांवर जुळवले, की डाग विखुरतात आणि सरासरीत जातात. एकाच जागी फार घट्ट धरून बसलं की स्वतःचे दोष आकाशाचे वाटायला लागतात, एवढा याचा अर्थ.

हे सगळं मी उत्साहाच्या भरात आमच्या सोसायटीच्या कमिटीसमोर सांगितलं. निमित्त होतं व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या तक्रारींचं. लिफ्ट घरघरते, कुणी दुपारी ड्रिल मारतं, कुणाची स्कूटर आडवी आहे. सचिवानं प्रत्येकाला त्याच मिनिटाला उत्तर द्यावं अशी अपेक्षा. मी म्हटलं, थरथर कुठली आणि घसरण कुठली ते आधी बघू या. निम्म्या तक्रारी दुसऱ्या दिवशी आपोआप शून्यावर येतात. ज्या येत नाहीत, त्या लगेच हातात घेऊ. अध्यक्षांना हा विचार फार भावला. त्यातला पहिला भाग इतका भावला की दुसरा त्यांनी ऐकलाच नाही. पुढच्या बैठकीत गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा विषय निघाला, तेव्हा ते चष्मा पुसत शांतपणे म्हणाले, ''सीइंग असेल. थोडं थांबू या.''

सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या काकू उभ्या राहिल्या.

''तुमचं सीइंग माझ्या बेडरूममध्ये बादलीत साठतंय,'' त्या म्हणाल्या. ''दर दोन सेकंदांनी एक थेंब. मोजायला या.''